उरलेली चाळीस मिनिटे विमान कुठे होते?

काही वर्षांपूर्वी जिल्हा पातळीवरच्या एका गणित-विज्ञान परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम आमच्याकडे आले होते. आठवीच्या प्रश्नपत्रिकेत एक उदाहरण असे होते : 'पुणे व नागपूर या विमानतळांमधील अंतर ६०० कि. मी. आहे. एक विमान ताशी ८०० कि. मी. वेगाने जाते. तर पुण्याहून नागपूरला पोहोचण्यास त्याला किती वेळ लागेल?' उत्तर अर्थातच ४५ मिनिटे. बहुतेक मुलांनी ते बरोबर लिहिले होते. एका मुलीने मात्र आधी ४५ मिनिटे लिहून ती खोडली होती आणि खाली लिहिले होते, 'माझे मामा पुण्याहून विमानाने आले, तेव्हा तिकिटावर १ तास २५ मिनिटे लिहिले होते. मग उरलेली ४० मिनिटे विमान कुठे होते?'

आम्ही तिला शून्य गुण दिले. उत्तराच्या जागी प्रश्न लिहिला होता, आणि नमुना उत्तरात तसे काही नव्हते. लाल शाईने गोल काढून पुढची उत्तरपत्रिका हातात घेतली.

पुढे कामानिमित्त आम्हालाच पुणे-नागपूर विमानप्रवासाचा योग आला आणि ती ओळ आठवली. त्या प्रवासात आम्ही घड्याळ समोर धरून बसलो. या लेखात त्या उदाहरणाचे परीक्षण करावयाचे आहे. ते उदाहरण एकटे नाही. शालेय पुस्तके, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि प्रश्नमंजूषा यांत त्याची भावंडे सर्वत्र आढळतात. फक्त गावांची नावे आणि आकडे बदलतात.

अंतर : येथे उदाहरण खरे ठरते

प्रथम उदाहरणाची जमेची बाजू पाहू. ६०० कि. मी. हा आकडा बराचसा बरोबर आहे, आणि तो आठवी-नववीच्या मुलांना स्वतः काढता येतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ १८.५८ अंश उत्तर अक्षांश व ७३.९२ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा सोनेगाव विमानतळ २१.०९ अंश उत्तर व ७९.०५ अंश पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक २.५१ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ कि. मी.; म्हणून नागपूर पुण्याच्या उत्तरेला सुमारे २७९ कि. मी. आहे.

रेखांशांतील फरक ५.१३ अंश. पण येथे सरळ १११ ने गुणून चालत नाही, कारण ध्रुवाकडे जाताना रेखावृत्ते जवळ येतात. त्यासाठी मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे सुमारे २० अंशांच्या, कोसाईनने गुणावे लागते. ती किंमत ०.९४ आहे. म्हणून पूर्वेकडचे अंतर सुमारे ५३५ कि. मी. येते. आता काटकोन त्रिकोण काढून पायथागोरसचा सिद्धांत वापरला की कर्ण सुमारे ६०४ कि. मी. मिळतो. पृथ्वीच्या गोलाकाराचा नीट विचार करून केलेले गणित ६०५ कि. मी. सांगते. वर्गातल्या वहीत एवढी अचूकता मिळावी, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे.

मुंबई ते न्यूयॉर्कसारख्या लांबच्या अंतराला मात्र हा त्रिकोण चालत नाही. तेथे पृथ्वीगोलावर दोरा ताणून बृहद्वृत्ताचा मार्ग पाहावा लागतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर तो मार्ग उत्तरेकडे वाकलेला दिसतो, आणि तरीही तो सर्वांत जवळचा असतो. शाळेत पृथ्वीचा गोल असेल तर हा प्रयोग पाच मिनिटांत होतो.

तर अंतराविषयी आमची तक्रार एवढीच, की उदाहरणात ते अंतर आयते दिले आहे. काढावयास सांगितले असते तर भूगोल आणि भूमिती एकाच उदाहरणात भेटले असते.

वेग : कोणत्या क्षणाचा?

खरी अडचण 'ताशी ८०० कि. मी. वेगाने जाते' या वाक्यात आहे. जेट विमान सुमारे ३५ हजार फुटांवर, म्हणजे १०.७ कि. मी. उंचीवर, ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट वेगाने जाते. त्या उंचीवर तापमान उणे ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी १०६५ कि. मी.च्या आसपास भरतो. त्यावरून विमानाचा वेग ताशी ८३० कि. मी. येतो. म्हणजे ८०० हा आकडा काल्पनिक नाही. पण तो प्रवासाच्या फक्त मधल्या भागाचा वेग आहे. हा मधला भाग केवढा, हे कोणीच विचारत नाही. ते मोजून पाहू.

उतरताना विमान साधारण ३ अंशांच्या कोनात खाली येते. १०.७ कि. मी. उंचीवरून ३ अंशांची उतरण धरली तर जमिनीवर किती अंतर लागेल? दहावीची त्रिकोणमिती सांगते : १०.७ ला ३ अंशांच्या टॅनने, म्हणजे ०.०५२४ ने भागा. उत्तर सुमारे २०४ कि. मी. याचा अर्थ, नागपूर २०० कि. मी. दूर असतानाच विमान उतरू लागलेले असते. चढतानाही २० मिनिटांच्या आसपास वेळ आणि जवळजवळ तेवढेच अंतर जाते. म्हणजे ६०० कि. मी.पैकी २०० कि. मी. चढण, २०० कि. मी. उतरण, आणि उरलेले २०० कि. मी. सपाट. उदाहरणातला वेग खरा ठरतो तो प्रवासाच्या केवळ एक-तृतीयांश भागात!

चढण-उतरणीत वेग कमी असतो. विमान धावपट्टी सोडते तेव्हा वेग ताशी २५०-२८० कि. मी. असतो. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० कि. मी.ची मर्यादा असते. उतरताना शेवटचा टप्पा तर ताशी २५० कि. मी.च्या आसपास होतो.

मार्ग : सरळ रेषेचा मोह

आता दुसरी गोष्ट. विमान सरळ रेषेत जात नाही. पुण्याहून नागपूरची दिशा उत्तरेपासून सुमारे ६२ अंश, म्हणजे साधारण पूर्व-ईशान्य आहे. पुण्याची धावपट्टी मात्र जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. तिच्या टोकांना १० आणि २८ असे आकडे आहेत. त्यांना दहाने गुणले की दिशेचे अंश मिळतात. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उडते, कारण त्यामुळे कमी धावेत पुरेसा उठाव मिळतो. पावसाळ्यात पुण्यात वारा पश्चिमेकडून येतो. तेव्हा पश्चिमेकडे उड्डाण करावे लागले, तर नागपूरला निघालेले विमान प्रथम मुंबईकडे तोंड करते आणि मग सुमारे १४० अंशांचे वळण घेऊन आपल्या वाटेला लागते. नागपूरला पोहोचल्यावरही तेथील धावपट्टीशी एका ओळीत यावयाचे असते. या सर्वांत ३० कि. मी.ची भर सहज पडते.

वरच्या वाऱ्याची कथा आणखी मनोरंजक आहे. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेकडून वारे वाहतात. ते नागपूरला जाणाऱ्या विमानाला पाठीमागून ढकलतात. पावसाळ्यात जमिनीलगत वारा पश्चिमेचा असला, तरी वर द्वीपकल्पावर वारा पूर्वेकडून वाहतो. या पूर्वेच्या जेट प्रवाहाचे वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये केले होते. म्हणजे जुलैत नागपूरला जाणाऱ्या विमानाला खालच्या वाऱ्यामुळे उलट दिशेने उडावे लागते आणि वरचा वाराही समोरून येतो. त्याच मार्गाला, त्याच विमानाला, ऋतूप्रमाणे वेगळा वेळ लागतो.

'जाताना जेवढे नुकसान, तेवढाच येताना फायदा' असे येथे कोणी म्हणेल. तेही तपासून पाहावे. ६०० कि. मी. अंतर, विमानाचा हवेतील वेग ताशी ८०० आणि वारा ताशी १०० कि. मी. धरू. पाठीमागून वारा असता ४० मिनिटे लागतात. समोरून असता जवळजवळ साडेएक्कावन्न. बेरीज साडेएक्क्याण्णव मिनिटे, ९० नव्हे. वारा कोणत्याही दिशेचा असो, येण्या-जाण्याच्या एकूण हिशेबात तो वेळ खातोच. कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. हे एक उदाहरण मुलांना सरासरी वेगाविषयी जे शिकवील, ते दहा ठोकळेबाज उदाहरणे शिकवणार नाहीत.

वेळ : घड्याळ कोठे सुरू झाले?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान आपली उभे राहण्याची जागा सोडते तेव्हा तो सुरू होतो आणि मुक्कामी जागेवर थांबते तेव्हा संपतो. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल येते, रांग येते, परवानगीची वाट पाहणे येते. लोहगाव हा वायुसेनेचाही तळ असल्याने तेथे लष्करी विमानांशी मेळ घालावा लागतो. शिवाय वेळापत्रकात थोडी सूटही धरलेली असते, म्हणजे लहानसहान खोळंबा झाला तरी विमान 'वेळेवर' ठरते. थोडक्यात, अंतराचा आकडा हे मोजमाप आहे. वेळापत्रकातला वेळ हे आश्वासन आहे. दोन्ही आकडेच, पण त्यांची जात वेगळी.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. आमच्या प्रवासातील ढोबळ हिशेब असा : जमिनीवरची वाटचाल आणि थांबणे, निघताना १२ व पोहोचल्यावर ६ मिनिटे, चढण २०० कि. मी., २० मिनिटे. सपाट भाग वळसे धरून सुमारे २३५ कि. मी., १७ मिनिटे. उतरण २०० कि. मी., २३ मिनिटे. एकूण ७८ मिनिटे. वेळापत्रकातील ८५ मिनिटांतून ती वजा केली की ७ मिनिटे सूट उरते.

पुस्तकी उदाहरणात प्रत्येक २०० कि. मी.ला १५ मिनिटे धरली होती. त्याच्याशी ताळा घातला तर चढणीत ५, उतरणीत ८ आणि सपाट भागात वळशांमुळे २ अशी १५ मिनिटे जास्त लागली. ७ मिनिटे सुटीची. उरली १८. ती १८ मिनिटे विमान कुठे होते? जमिनीवर! स्कूटरच्या वेगाने चालत होते, किंवा चक्क उभे होते. चाळीस मिनिटांतला सर्वांत मोठा वाटा आकाशात सापडत नाही, तो धावपट्टीच्या वाटेवर सापडतो. हे आकडे एका दिवसाचे आहेत. दुसऱ्या दिवशी पाच-सात मिनिटे इकडची तिकडे होतील. पण चित्र फारसे बदलणार नाही.

नियम कोठपर्यंत चालतो?

हा हिशेब एका मार्गापुरता झाला. वर्गाला तो व्यापक करता येईल. मुंबईहून गोव्याचा दाबोळी विमानतळ सुमारे ४२५ कि. मी., नागपूर सुमारे ६८५ आणि दिल्ली सुमारे ११४० कि. मी. आहे. जेट विमानाचे वेळापत्रकी वेळ साधारण ७५, ९० ते ९५ आणि १३० ते १३५ मिनिटे असतात. आलेखावर आडव्या अक्षावर अंतर व उभ्या अक्षावर वेळ घेऊन हे बिंदू मांडावेत. ते जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. पण ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही. ती वेळेचा अक्ष ४० मिनिटांच्या आसपास छेदते. रेषेच्या चढावरून वेग काढला तर तो ताशी सुमारे ७५० कि. मी. येतो.

पुस्तकातले 'अंतर भागिले वेग' म्हणजे आरंभबिंदूतून जाणारी रेषा. ते चाळीस मिनिटांचे उभे अंतर हाच त्या मुलीचा प्रश्न आहे. जमिनीवरचा वेळ, चढण-उतरणीतला मंदपणा, वळसे आणि सूट हे सारे तेथे साठलेले आहे. मोबाइलवर अंतर व उड्डाणवेळ सांगणारी काही गणकयंत्रे भागाकारात सरसकट अर्धा तास मिळवतात, ती याचसाठी. त्यांची रीत ढोबळ आहे. पण पुस्तकी उदाहरणापेक्षा ती सत्याच्या अधिक जवळ जाते, हे मान्य केले पाहिजे.

सरकारी हिशेबातही ही जाण दिसते. लहान शहरे विमानाने जोडण्यासाठी २०१६ मध्ये आखलेल्या 'उडान' योजनेत सुमारे एक तासाच्या, म्हणजे साधारण ५०० कि. मी.च्या उड्डाणाच्या ठरावीक जागांसाठी अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा ठेवली होती. म्हणजे तासाला ५०० कि. मी., ८०० नव्हे. लहान विमानतळांवर अनेकदा एटीआरसारखी पंख्यांची विमाने जातात. त्यांचा वेग ताशी ५०० कि. मी.च्या आसपास असतो. तरी ६०० कि. मी.च्या मार्गावर जेट विमानापेक्षा त्यांना हवेत वीसएक मिनिटेच जास्त लागतात, कारण ती फार उंच चढतच नाहीत.

आमच्या रेषेलाही मर्यादा आहे, हे सांगणे आवश्यक आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये नियमित विमानसेवा आहे. अंतर अवघे २.७ कि. मी. वेळापत्रकात त्यासाठी दोन मिनिटे दिलेली असतात, आणि वारा अनुकूल असता हे उड्डाण ५३ सेकंदांतही झाले आहे. आमच्या रेषेप्रमाणे तेथे ४० मिनिटे लागावयास हवीत! तेथे छोटे विमान, छोटी धावपट्टी, ना रांग, ना दहा कि. मी.ची चढण. मोठ्या जेट विमानांवरून काढलेला नियम तेथे लागू नाही. प्रत्येक नियमाला त्याचे क्षेत्र असते; हेही मुलांना याच आलेखातून दाखवता येते.

दोष सोपेपणाचा नाही

यावर शिक्षक म्हणतील, 'एवढे सगळे आठवीच्या मुलाला कसे सांगायचे? उदाहरण सोपे नको का?' अवश्य हवे. विज्ञानाची सारी प्रगती गोष्टी सोप्या करूनच झाली आहे. पडणाऱ्या वस्तूचे गणित करताना आपण हवेचा विरोध सोडून देतो आणि त्यात काही चूक नाही. कारण तो सोडला आहे हे आपण सांगतो. आमचा आक्षेप सोपे करण्याला नाही, न सांगता सोपे करण्याला आहे. 'विमान सर्व वेळ ताशी ८०० कि. मी. वेगाने गेले असे समजा', एवढे एक 'समजा' घातले असते तर ते उदाहरण निर्दोष झाले असते. त्याऐवजी खऱ्या गावांची नावे, खरे अंतर आणि खरा वेग देऊन उदाहरणाने खरेपणाचा आव आणला, आणि खऱ्या अनुभवाने त्याला उत्तर देणाऱ्या मुलीला शून्य मिळाले.

आगगाडीच्या उदाहरणांत असे होत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे 'थांबे धरून ताशी ४५ कि. मी.' असे शब्द असतात. गाडीची लांबी असते, फलाटाची लांबी असते. कारण ती उदाहरणे रचणाऱ्यांनी गाडीने प्रवास केला होता. स्टेशनावर गाडी थांबते हे त्यांना ठाऊक होते. विमानाचे उदाहरण बहुधा आगगाडीच्या उदाहरणातले आकडे वाढवून तयार झाले, आणि थांबे तेवढे गळून पडले.

सुधारणा अवघड नाही. पहिल्या उदाहरणात 'समजा' घालावे. त्याच्याच खाली दुसरा प्रश्न द्यावा : 'या मार्गाचा वेळापत्रकातील वेळ १ तास २५ मिनिटे आहे. तुमचे उत्तर व हा वेळ यांत फरक का असावा? तीन कारणे लिहा.' या प्रश्नाला एकच ठरलेले उत्तर नाही, म्हणून तो तपासणे थोडे कठीण जाईल. पण ज्या मुलांनी विमान फक्त खालून पाहिले आहे, त्यांनाही त्यावर विचार करता येईल. एसटीच्या प्रवासावरून तर्क करणे कोणालाही जमते : स्थानकातून बाहेर पडायला लागणारा वेळ, घाटातला वेग, शेवटच्या चौकातली गर्दी.

ती उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेली असेल. मुलीचे नाव आम्हाला माहीत नाही; उत्तरपत्रिकेवर फक्त क्रमांक होता. तिने गणित केले होते, उत्तर काढले होते, ते अनुभवाशी ताडून पाहिले होते आणि तफावत आढळल्यावर नेमका प्रश्न विचारला होता. प्रयोगशाळेत आम्ही याच कामाचा पगार घेतो. तरी तिची उत्तरपत्रिका हातात असताना आम्हाला ते ओळखता आले नाही.

आपल्या वर्गात वर सुचवलेला आलेख काढून पाहावा. विमानाचे वेळापत्रक मिळाले नाही तर आपल्या आगारातील एसटीचे घ्यावे; रेषा वेळेचा अक्ष कोठे छेदते ते पाहावे. मुलांनी दिलेली कारणे, विशेषतः आपल्याला न सुचलेली, आम्हाला जरूर कळवावीत.